आधी खुळखुळा तपासा : ‘कोशिश’, ‘खामोशी’ आणि ऐकू न आलेले धोके

गुलजार यांच्या ‘कोशिश’मध्ये (१९७२) एक छोटासा प्रसंग आहे. हरी (संजीवकुमार) आणि आरती (जया भादुरी) हे कर्णबधिर जोडपं. घरात तान्हं बाळ. बाळाला ऐकू येतं की नाही, या धास्तीने ते त्याच्याजवळ खुळखुळा वाजवून बघतात. बाळ ढिम्म. आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते, डॉक्टरांना दाखवलं जातं. डॉक्टर तपासतात आणि कळतं की बाळाचे कान ठणठणीत आहेत, खुळखुळाच वाजत नव्हता. आत दाणेच नव्हते!

प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि चित्रपट पुढे जातो. प्रयोगशाळेत दिवस काढणारा माणूस मात्र इथे थोडा अडकतो. कारण हा प्रसंग म्हणजे प्रयोगातल्या एका मूलभूत गोष्टीचा धडा आहे. प्रतिसाद आला नाही, तर दोन शक्यता असतात. एक, घेणाऱ्याला संकेत घेता आला नाही. दोन, संकेत निघालाच नाही, किंवा ज्या रूपात निघाला ते रूप घेणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. आपण नेहमी पहिली शक्यता धरून बसतो. कान बघतो, खुळखुळा बघत नाही.

माझं पीएचडीचं काम ध्वनी-संकेतांवर आहे, त्यामुळे ‘बहिरेपण आणि रोजचे धोके’ या विषयावरचं संशोधन वाचावं लागतं. या लेखात ते संशोधन हाताशी धरून दोन चित्रपट पुन्हा बघू या : ‘कोशिश’ आणि संजय लीला भन्साळींचा ‘खामोशी : द म्युझिकल’ (१९९६). आपल्यापैकी बऱ्याच जणांची कर्णबधिर माणसांशी पहिली ‘ओळख’ याच दोन चित्रपटांतून झालेली असते. आणि दोन्हींमध्ये धोका म्हणजे काय, याबद्दल एक ठाम समजूत आहे. ती अर्धी बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचं आपण, विशेषतः आपण नाशिककरांनी, काय करायचं ते शेवटी बोलू.

चित्रपट काय सांगतात?

‘कोशिश’ बेतला आहे १९६१ च्या एका जपानी चित्रपटावर. झेन्झो मात्सुयामा यांचा तो चित्रपट युद्धानंतरच्या जपानमधल्या एका कर्णबधिर जोडप्याची गोष्ट सांगतो. गुलजारांनी ती आपल्या मातीत आणली. पटकथेसाठी त्यांना आणि अभिनयासाठी संजीवकुमारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

त्यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग तुम्हाला आठवत असेल. पावसाची रात्र. आरतीचा भाऊ कानू (असरानी) चोरी करायला घरात शिरतो. बाळ घराबाहेर, पावसात जातं. रडतं. आईवडील झोपलेले. त्यांना ते रडणं ऐकू जात नाही आणि बाळ दगावतं.

‘खामोशी’ गोव्यात घडतो. जोसेफ (नाना पाटेकर) आणि फ्लेवी (सीमा बिस्वास) कर्णबधिर, मुलगी अ‍ॅनी (मनीषा कोईराला) ऐकू-बोलू शकणारी. धाकटा मुलगा सॅम अपघातात जातो. अ‍ॅनी लहानपणापासून आईवडिलांचे कान आणि तोंड बनते. दारावर कोण आलं, दुकानदार काय म्हणाला, सगळं तिच्या मार्फत.

दोन वेगळे दिग्दर्शक, मध्ये चोवीस वर्षं, आणि दोन्हीकडे कर्णबधिर आईवडिलांचं मूल जातं. बहिरेपण म्हणजे येणारं संकट न कळणं, हे समीकरण पटकथाकारांना इतकं सहज सुचतं. आता ते कितपत खरं आहे ते बघू.

कान नावाचा राखणदार

पहिली गोष्ट, हे समीकरण हवेतून आलेलं नाही. कान खरोखरच राखणदाराचं काम करतो आणि ते काम डोळ्यांना तसंच्या तसं जमत नाही.

डोळ्यांना फक्त पुढचं दिसतं, फार तर दोन्ही बाजूंचं थोडं. कानाला मागचं, भिंतीपलीकडचं, अंधारातलं कळतं. कमी वारंवारतेचे आवाज कोपऱ्यावरून वळूनही येतात, म्हणून गल्लीच्या तोंडाशी ट्रक दिसायच्या आधी त्याची घरघर ऐकू येते. आणि कानाला पापणी नसते. झोपेतही तो चालू असतो.

दिशा कशी कळते, ते तर भन्नाटच आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात जरा नंतर. हा ‘जरा’ म्हणजे जास्तीत जास्त एका सेकंदाचा दीड हजारावा भाग. मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा काढतो. उंच पट्टीच्या आवाजांसाठी तो दुसरी युक्ती वापरतो. डोकं मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा हळू येतो, त्या फरकावरून. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन युक्त्यांची मांडणी केली आणि ती आजही शिकवली जाते.

म्हणूनच लहानपणी गालगुंडामुळे एका कानाने ऐकू येणं गेलेली माणसं बोलणं व्यवस्थित ऐकतात, पण रस्त्यावर हॉर्न वाजला की तो नक्की कुठून आला ते त्यांना पटकन कळत नाही. ऐकू येणं आणि धोक्याची जागा कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवा.

तर ‘कोशिश’मधली रात्र शास्त्राच्या दृष्टीने खोटी नाही. डोळे मिटलेले असताना कानाला पर्याय नसेल, तर धोका खराच आहे. याबाबतीत गुलजारांनी अतिशयोक्ती केलेली नाही.

दिवसा काय होतं?

दिवसाचं चित्र मात्र बरंच वेगळं आहे आणि ते दोन्ही चित्रपटांत जवळजवळ येतच नाही.

१९८० च्या दशकात हेलन नेव्हिल या शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी जन्मतः कर्णबधिर माणसांच्या दृष्टीचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की नजर समोर रोखलेली असताना डोळ्याच्या कडेला काही हललं, तर ते टिपण्यात ही माणसं ऐकणाऱ्यांपेक्षा सरस ठरतात. पुढे बऱ्याच प्रयोगांत असंच आढळलं.

का, याचं एक सुंदर उत्तर २०१० मध्ये मिळालं. स्टीफन लोंबर, अ‍ॅलेक्स मेरेडिथ आणि आंद्रेज क्राल यांनी जन्मतः बहिऱ्या मांजरांची सात प्रकारच्या दृष्टी-चाचण्यांत ऐकणाऱ्या मांजरांशी तुलना केली. सातपैकी फक्त दोनच गोष्टींत बहिरी मांजरं पुढे होती : कडेला दिसलेल्या वस्तूची जागा ओळखणं आणि अगदी हळू हालचाल टिपणं. मग त्यांनी मेंदूतला श्रवणाचा एकेक भाग थंड करून तात्पुरता बंद केला. एक भाग बंद केला की कडेची वाढीव नजर गेली. दुसरा बंद केला की हालचाल टिपण्यातली आघाडी गेली. म्हणजे जो भाग आवाजासाठी होता, तो रिकामा पडून राहिला नव्हता. त्याने डोळ्यांची चाकरी धरली होती. आणि धरली तीही अशा दोन कामांसाठी, जी राखणदाराचीच आहेत.

इथे लगेच ‘देव एक काढून घेतो आणि दुसरं देतो’ वगैरे म्हणायला जाऊ नका. हे संशोधन इतकं भाबडं नाही. बारीक अक्षरं वाचणं, रंगछटा ओळखणं यांत कर्णबधिर माणसं ऐकणाऱ्यांपेक्षा सरस असल्याचं दिसलेलं नाही. कडेच्या नजरेतला फायदाही पहिल्या दिवसापासून नसतो. लहान वयात कर्णबधिर मुलं यात मागे असू शकतात आणि किशोरवयात पुढे जातात, असं अभ्यासात दिसलं आहे. आणि प्रयोगशाळेतल्या पडद्यावर ठिपका ओळखणं वेगळं, द्वारका चौक ओलांडणं वेगळं. प्राथमिक शाळेतल्या कर्णबधिर मुलाला ‘तुझे डोळे तेज आहेत’ म्हणून रस्त्यावर सोडायचं नसतं, त्याला रस्ता ओलांडायला शिकवावंच लागतं.

पण सवयीचा भाग मोठा आहे. दोन कर्णबधिर मित्र हातवारे करत चालले असतील तर नीट बघा. ते एकमेकांकडे तोंड करून बोलतात, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या पाठीमागचं दिसत असतं. मागून गाडी आली की समोरचा नुसत्या नजरेने किंवा हाताने सावध करतो. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात, जिथे कर्णबधिरांसाठी उच्च शिक्षण आहे, याच निरीक्षणांवरून इमारती कशा बांधाव्यात याची तत्त्वं काढली गेली. दोघांना शेजारी चालत बोलता येईल असे रुंद मार्ग, पलीकडून कोण येतंय ते दिसेल असे काचेचे कोपरे, चेहऱ्यावर नीट पडणारा उजेड.

‘कोशिश’ची एक बाजू इथे मान्य करायला हवी. हरीचा मित्र नारायण (ओम शिवपुरी) दृष्टिहीन आहे. एकाला दिसतं, दुसऱ्याला ऐकू येतं, आणि दोघं मिळून जगाचा अंदाज घेतात. धोका ओळखणं हे एकट्या माणसाच्या एकट्या इंद्रियाचं काम नसतं, ते वाटून घेता येतं, हे गुलजारांना दिसलं होतं. म्हणूनच मला बाळाच्या मृत्यूचा प्रसंग खटकतो. दिवसा इतकं हुशारीने जगणारं जोडपं रात्रीसाठी काहीच तजवीज करत नाही, हे पटत नाही. कर्णबधिर आया पूर्वीपासून बाळाला आणि स्वतःच्या मनगटाला जोडणारी दोरी किंवा फीत बांधून झोपत आल्या आहेत. बाळ हललं की आई जागी. या घरात ती दोरी नाही, कारण कथेला मृत्यू हवा होता.

रात्रीचा प्रश्न : कोणत्या संकेताने जाग येते?

रात्रीबद्दल एक संशोधन सांगतो. मला ते या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाटतं. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी २००७ च्या सुमारास कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांना गाढ झोपेतून उठवून पाहिलं. प्रश्न असा : घरात आग लागली तर यांना कोणत्या सूचनेने जाग येईल?

आपला अंदाज काय? ऐकू येत नाही, मग दिवा चमकवा. बऱ्याच ठिकाणी हेच केलं जातं. प्रत्यक्षात चमकणाऱ्या दिव्याने साधारण चौथा हिस्साच लोक उठले. बिछाना किंवा उशी हलवणाऱ्या यंत्राने पाचातले चार उठले. आणि नेहमीच्या धूर-सूचकाच्या ३१०० हर्ट्झच्या चिरक्या आवाजाऐवजी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज वापरला, तर दहापैकी नऊ जण उठले!

थांबा आणि विचार करा. माणसं तीच, त्यांचे कान तेच. आवाजाची पट्टी बदलली आणि ‘बहिरे’ जागे झाले. कारण वय वाढतं तसं किंवा गोंगाटात काम करून जे ऐकणं जातं, ते आधी उंच पट्टीचं जातं, खालचं बरंच शिल्लक असतं. धूर-सूचक बनवणाऱ्यांनी नेमका गेलेल्या पट्टीतला आवाज निवडला होता. हाच तो दाणे नसलेला खुळखुळा. पुढे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेने झोपायच्या खोल्यांसाठी हा खालच्या पट्टीतला आवाज स्वीकारला.

एक सावधगिरी : हे प्रयोग कमी ऐकू येणाऱ्यांवर होते. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी कुठलाच आवाज कामाचा नाही, तिथे बिछान्याचं कंपनच हवं. पण मुद्दा तोच राहतो. कोणाला जाग आली नाही, हे ठरवण्याआधी आपण उठवलं कशाने, ते बघायला हवं.

‘खामोशी’तली अ‍ॅनी आणि फाळक्यांचा पडदा

‘खामोशी’ हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतो. आईवडिलांना ऐकू येत नाही ना, मग मुलीला कान करा. कर्णबधिर पालकांच्या ऐकणाऱ्या मुलांचं आयुष्य खरंच काही अंशी असं असतं आणि मनीषा कोईरालाने ते ओझं उत्तम दाखवलं आहे. पण बघता बघता चित्रपट असं मांडतो की जोसेफ आणि फ्लेवी यांची सुरक्षितता, मान, जगाशी नातं, सगळं अ‍ॅनीवर उभं आहे. अ‍ॅनीला स्वतःचं आयुष्य हवं झालं की ते अपराधासारखं वाटू लागतं. दोषी कोण? एक तर बहिरे आईवडील, नाही तर स्वार्थी मुलगी. आजूबाजूचं गाव कोणतीही गोष्ट या दोघांना दिसेल अशी का करत नाही, हे कोणीच विचारत नाही. नानांचा अभिनय इतका जबरदस्त आहे की हा प्रश्न आपल्यालाही सुचत नाही.

इथे आपल्या नाशिकचा एक धागा आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, आणि भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. मधली अठरा वर्षं इथला चित्रपट मूक होता. त्या काळात पडद्यावर संकट दाखवायचं तर ते डोळ्यांनाच दाखवावं लागे : चेहरा, हालचाल, सावली, मध्येच येणारी अक्षरांची पाटी. ज्याला वाचता येतं असा कर्णबधिर प्रेक्षक आणि ऐकणारा प्रेक्षक त्या थिएटरात जवळपास एकाच पायरीवर बसत होते. बोलपट आला आणि पडद्यामागून येणारी पावलं, दाराची करकर, लांबून येणारी किंकाळी यांवर धोका उभा राहू लागला. ‘प्रेक्षकाला ऐकू येतंय, पात्राला येत नाही’ हा ताण बोलपटातच शक्य आहे, आणि कर्णबधिर पात्र त्याचं हक्काचं गिऱ्हाईक झालं. कर्णबधिरांवरचे हे दोन्ही चित्रपट ऐकणाऱ्यांसाठी ऐकणाऱ्यांनी केले आहेत. प्रमुख भूमिकांतले नटही सगळे ऐकणारे.

आपले कान किती शाबूत आहेत?

आता जरा आपल्याकडे, ऐकणाऱ्यांकडे बघू. बहिरेपण धोक्याचं आणि ऐकणं सुरक्षित, या समजुतीची दुसरी बाजू तपासायला हवी ना?

मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की शेजारच्याची हाक ऐकू येते का? नाही. याला शास्त्रात आच्छादन म्हणतात, मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. तेवढा वेळ ढोलाभोवतीचे सगळेच बहिरे असतात. फरक इतकाच की खऱ्या कर्णबधिर माणसाला आपल्याला ऐकू येत नाही हे माहीत असतं, म्हणून तो मान वळवून बघतो. आपण बघत नाही. कॉलेज रोडवर दोन्ही कानांत इअरफोन घालून रस्ता ओलांडणाऱ्यांचंही तेच.

हॉर्नचं काय? ट्रकांच्या पाठीवर लिहिलेलं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद करायला लावलं गेलं, तरी हॉर्न काही थांबले नाहीत. जो संकेत सतत वाजतो त्यातून काहीच कळत नाही. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असतेच, इथे ती रोज हजार गाड्या मिळून सांगतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत असतात तशी, प्रेसवर आणि ग्राइंडरवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं आहेत. गोंगाटाने येणारं बहिरेपण कायद्याने नोंद करावी लागणाऱ्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, पण उंच पट्टीच्या सूचना निसटू लागतात. २०११ च्या जनगणनेत श्रवण-दिव्यांगांची संख्या देशात ५० लाखांहून अधिक आहे. हे कामगार किंवा आपले आजोबा त्यात स्वतःला मोजत नाहीत.

आणि निसर्ग तर कानांवर विसंबू देतच नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, म्हणून ऐकणारा शेतकरी सावध होतो. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि आवाज करत नाही. मण्यारीपुढे सगळेच बहिरे.

माणसाने मुद्दाम घडवलेल्या सूचनांचंही एक उदाहरण घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनचा उग्र वास घालतात. म्हणजे धोका नाकाला कळेल असा बनवला. करोनात ज्यांचा वास गेला, त्यांना अचानक हा खुळखुळा वाजेनासा झाला. तेव्हा आपण त्यांना ‘तुम्ही स्वयंपाकघरात जायच्या लायकीचे नाही’ असं म्हटलं नाही. घरातल्या दुसऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं.

कायद्याचा खुळखुळा

कर्णबधिरांना मात्र आपण नेमकं तेच म्हणत आलो. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत वर्षानुवर्षं एक प्रश्न होता. त्याचा आशय असा, की श्रवणयंत्र लावून किंवा न लावता नेहमीचा ध्वनिसंकेत ऐकू येणार नाही इतके तुम्ही बहिरे आहात का? उत्तर ‘हो’ असेल तर परवाना विसरा. गाडी चालवताना माणूस आरशात किती वेळा बघतो, बाजूच्या हालचाली किती लवकर टिपतो, हे कोणी तपासतच नव्हतं. काचा बंद करून, एसी आणि गाणी लावून चालवणाऱ्याला मात्र परवाना होता!

कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला. २०११ मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली : चाचणी देऊ द्या, पास झाले तर परवाना द्या. २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तसं कळवलं. माणूस चालवतो कसा ते बघा, कान मोजत बसू नका, असा त्याचा अर्थ.

उलट बाजूचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, कमी वेगात त्यांचा आवाजच येईना. अमेरिकेत दृष्टिहीनांच्या संघटनेने आवाज उठवला. तिथे कायदा झाला, युरोपातही झाला, आणि अशा गाड्यांनी हळू चालताना कृत्रिम आवाज करावा असं ठरलं. म्हणजे दृष्टिहीन माणसाला घरी बसायला सांगितलं नाही, गाडीला बदलायला लावलं. खुळखुळ्यात दाणे घातले. हेच कर्णबधिरांसाठी करायला आपण इतका वेळ का लावतो?

दुतोंड्या मारुतीकडून शिकू या

आणि करायचं कसं, हे नाशिकला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. रामकुंडाजवळ गोदापात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर एकच विचारतं : पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला? ही धोक्याची सूचना ऐकावी लागत नाही. ती दिसते, कोणत्याही भाषेत कळते, आणि मूर्तीच्या अंगावर धोक्याची पायरी आपोआप मोजली जाते. ऐकणाऱ्याला आणि कर्णबधिराला ती सारखीच.

अर्थात मारुतीलाही मर्यादा आहे. तो रात्री दिसत नाही आणि पंचवटीच्या पुढे गेल्यावर उपयोगाचा नाही. भोंगे आणि ध्वनिक्षेपक हवेतच. म्हणूनच एकच सूचना तीन मार्गांनी जायला हवी : दिसणारी, ऐकू येणारी, अंगाला जाणवणारी. २०२३ मध्ये सरकारने मोबाइलवर आपत्कालीन सूचनेची चाचणी घेतली, तेव्हा फोन एकाच वेळी वाजला, थरथरला आणि पडद्यावर अक्षरं आली. आठवतं? दचकलो होतो सगळे. बरोबर असलेला खुळखुळा तो तसा असतो.

२०२७ चा कुंभमेळा नाशिक-त्र्यंबकला आहे. २००३ च्या कुंभात इथे चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. गर्दीत मागचा ढकलतो कारण पुढे काय झालंय ते त्याला कळत नाही, आणि ढोल, भजनं, घोषणांच्या कल्लोळात ध्वनिक्षेपकावरची सूचना शाबूत कानालाही नीट समजत नाही. तिथे उंचावरचे मोठे पडदे, मार्ग बंद म्हणजे लाल आणि खुला म्हणजे हिरवा असे लांबून दिसणारे दिवे, हाताच्या ठरलेल्या खुणा शिकलेले स्वयंसेवक हवेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या आठव्या कलमात आपत्तीच्या वेळी दिव्यांगांना समान संरक्षण देण्याची तरतूद आहेच. पण हे पडदे फक्त कर्णबधिरांचा जीव वाचवणार नाहीत. त्या गर्दीत कोणालाच काही ऐकू येणार नाही.

नाशिकमध्ये श्रीमती माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद कर्णबधिर विद्यालय अशा शाळा आहेत. कुंभाच्या सूचना लागण्याआधी तिथल्या मोठ्या मुलांना एक फेरी मारायला सांगावी : कोणती पाटी दिसली, कोणती नाही, कुठे पाठीमागचं काहीच कळत नव्हतं. डोळ्यांच्या कडेने जग टिपण्याची सवय असलेल्या परीक्षकांइतके चांगले परीक्षक या कामाला दुसरे कुठून मिळणार?

‘कोशिश’ जरूर बघा, पाहिला असेल तर पुन्हा बघा. ‘खामोशी’ही बघा, नानांसाठी आणि सीमा बिस्वासांसाठी. बाळ पावसात जातं तेव्हा डोळ्यांत पाणी येईल, यायलाच हवं. फक्त त्यानंतर ‘बिचाऱ्यांना ऐकू आलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. त्या घराला रात्री जागं करणारी कोणती सूचना होती, ते विचारा. आणि मग आपल्या सोसायटीतल्या अग्निसूचकाबद्दल, आजीच्या खोलीबद्दल, मुलाच्या शाळेसमोरच्या रस्त्याबद्दल हाच प्रश्न विचारून बघा.